गव्हावर गहू

आमची घरघंटी गेल्या महिन्यात बिघडली. दुरुस्तीवाला म्हणाला, चार दिवसांत येतो, म्हणजे आठ दिवस तरी येणार नव्हता, आणि पिठाच्या डब्याचा तळ दिसायला लागला होता. गिरणी तशी लांब नाही. सोसायटीच्या फाटकातून उजवीकडे वळायचं, मेडिकलचं दुकान मागे टाकायचं, एक रस्ता ओलांडायचा की आलीच. चारशे दहा पावलं. ती मी का मोजली, ते पुढे येईलच.

"मी जाऊ दळण घेऊन?" आमच्या दहा वर्षांच्या कन्येने विचारलं.

"मी हिमालयात जाऊ?" असं विचारलं असतं तर घरात एवढी शांतता पसरली नसती. आम्ही फक्त कोणत्या शिबिरातून, फी किती आणि तिकडे जेवण काय, एवढंच विचारलं असतं. हिमालयाची सोय असते हो. गिरणीपर्यंत घेऊन जाणारं शिबिर अजून पुण्यात निघालेलं नाही.

पहिला आवाज फुटला तो माझ्या आईचा. "अगंबाई, एकटी?"

ही तीच माझी आई, जिने मला सातव्या वर्षी साताऱ्याच्या चढउताराच्या गल्ल्यांतून पाच किलोंचं दळण डोक्यावर देऊन पाठवलं होतं. सोबत काय, तर एक सूचना: "गव्हावर गहू टाका म्हणावं. ज्वारीवर टाकलंस तर परत पाठवीन." रस्त्यात कुत्री होती, एक मारका बैल होता, पावसाळ्यात गटार आणि रस्ता यांतला फरक पायानेच ओळखायचा असे. आईला त्यातल्या कशाचीच काळजी नव्हती. काळजी होती ती पोळ्या काळपट होण्याची.

तिला हे सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

होतीच. पण नेमकी कशी वेगळी, यावर मी पुष्कळ विचार केला आणि माझ्या लक्षात आलं, की त्या काळच्या आया काही शूर वगैरे नव्हत्या. त्या कामात होत्या. घरात चार पोरं, नळाला अर्धा तास पाणी, त्यात वाळवणं, त्यात पाहुणे. पोरांना स्वातंत्र्य द्यावं असं कुणी ठरवलेलं नव्हतं. पोरांच्या मागे मागे फिरायला घरात माणूसच शिल्लक नव्हतं. आता एका पोरामागे आईबाप, आजीआजोबा, एक व्हॅनकाका आणि चार कॅमेरे आहेत. एवढी फौज उभी केल्यावर तिला काहीतरी काम द्यावंच लागतं.

गंमत म्हणजे मुलं चालत जातील असं सरकारने मात्र अजून धरलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी असं आहे. आठवीतलं पोर तीन किलोमीटर चालणार! आमच्या सोसायटीतलं आठवीतलं पोर फाटकापर्यंत दप्तर उचलत नाही. ते वॉचमनकाका उचलतात.

आणि साने गुरुजींची 'श्यामची आई' तर आमच्या प्रत्येक कपाटात आहे. मुंजीत मिळते, बक्षिसात मिळते, वाचून आम्ही मनसोक्त रडतो. त्या आईने पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला चोप देऊन विहिरीवर धाडलं होतं, हे रडण्याच्या भरात विसरायला होतं. तो चोप काही मला पटत नाही. पण विहीर पटते. आमच्याकडे तेच पुस्तक वाचणाऱ्या मुलाला पोहण्याच्या क्लासला पाठवतात तेव्हा तलावात मास्तर असतो, दंडाला फुगे असतात, आणि काठावर टॉवेल पसरून आई उभी असते.

हे दुखणं आपलंच आहे असंही नाही. २००८ साली न्यूयॉर्कमध्ये लेनोर स्केनाझी या बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला एकट्याने भुयारी रेल्वेने घरी येऊ दिलं आणि त्यावर लेख लिहिला. पोरगा खुशीत घरी आला. बाईंना मात्र 'अमेरिकेतली सर्वांत वाईट आई' ही पदवी मिळाली. पुढे २०१८ मध्ये युटा राज्याला चक्क कायदा करावा लागला, की समज असलेलं मूल एकटं शाळेत चालत गेलं किंवा बाहेर खेळलं तर तेवढ्याने आईबापांनी हेळसांड केली असं होत नाही. उलट जपानमध्ये १९९१ पासून टीव्हीवर एक कार्यक्रम चालतो, त्यात चिमुरडी पोरं आयुष्यात पहिल्यांदा एकटी बाजारात जाऊन सामान आणतात. कॅमेरावाले वेष पालटून मागे मागे असतात. पोराला पत्ता नसतो.

हे कॅमेरावाले माझ्या डोक्यात बसले. त्यांच्याच जोरावर मी घरात जाहीर केलं, "जाऊ दे तिला."

रविवारी सकाळी दहा वाजता कन्या निघाली. कापडी पिशवीत दोन किलो गहू. आईने सूचना दिली: गव्हावर गहू. बायकोने सात दिल्या, त्यांतली शेवटची "धावू नकोस" आणि त्याआधीची "रेंगाळू नकोस" होती. मी काहीच बोललो नाही. मी चपला घालत होतो.

मागे मागे जाणं ही वाटते तितकी सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे फुटपाथवर चालण्याची पद्धत नाही, कारण तिथे दुचाक्या चालतात. त्यामुळे कन्या रस्त्याच्या कडेने, मी उभ्या गाड्यांच्या आडून, आणि आमच्या मधून एक स्कूटर फुटपाथवरून हॉर्न वाजवत. खरं सांगायचं तर भीती इथे वाटते. काळजीतली बाकीची सगळी मंडळी, मुलं पळवणारे वगैरे, मोबाईलमधून येतात. ही स्कूटर समोरून येते. रस्त्याच्या कडेला पोर थांबली. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, परत उजवीकडे पाहिलं. रिक्षा गेली, टेम्पो गेला. मग एक आजोबा ओलांडायला निघाले तशी ती त्यांच्या शेजारून, त्यांच्याच चालीने, पलीकडे गेली. असं कुणाच्या तरी आडोशाने रस्ता ओलांडायला मी तिला शिकवलेलं नव्हतं. तोवर मी श्वास घेतला नव्हता आणि पावलं मोजत होतो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

गिरणीसमोरच्या गुलमोहरामागे मी उभा राहिलो. आतला पट्टा फटफट वाजत होता. भुवयांपर्यंत पांढरा झालेला गिरणीवाला धान्य पडणाऱ्या गिरणीच्या तोंडावर लाकडाचा ठोकळा आपटत होता, पिठाच्या कापडी नळीला मधूनच चापट मारत होता. माझी लेक रांगेत चौथी. पुढच्या बाईंनी मागे वळून तिला काहीतरी विचारलं, तिने काहीतरी सांगितलं, दोघी हसल्या. मला ऐकू आलं नाही. दहा वर्षांत तिचं असं एकही बोलणं नव्हतं जे मला ठाऊक नाही, निदान माझी तशी समजूत होती.

तेवढ्यात खिशात फोन थरथरला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता: पाठमोरी मुलगी, हातात पिशवी. खाली लिहिलं होतं, "कुणाची आहे? एकटीच बाहेर दिसली. पालकांनी लक्ष द्यावे." त्याखाली सहा जणांचे जोडलेले हात. मग वॉचमनचा फोन, "साहेब, बेबी बाहेर गेलीय." मग बायकोचा, "तू आहेस ना मागे?"

साताऱ्यातही सगळी गल्ली आमच्यावर डोळा ठेवून असायची. पायरीवर निवडत बसलेल्या काकू आमची प्रत्येक भानगड संध्याकाळी घरी पोचवायच्या. पण दिसलो की त्या आधी काम सांगायच्या. "गिरणीत चाललास? माझंही एवढं टाक." चहाडी नंतर. तिथे लक्ष होतं म्हणून आम्ही मोकळे सुटलो होतो. इथेही लक्ष आहे, पण ते पोर दिसल्याबरोबर तिला घरी परत पाठवण्यापुरतंच.

कन्या पाऊण तासाने बाहेर पडली. ऊन ऊन पीठ छातीशी धरून, नाकाच्या शेंड्यावर पांढरा ठिपका. सरळ गुलमोहराकडे आली.

"बाबा, गिरणीवाले काका विचारत होते, तुझे बाबा मघापासून झाडामागे का उभे आहेत?"

"मग तू काय सांगितलंस?"

"त्यांना घरी करमत नाही."

पोळ्या त्या दिवशी करड्या झाल्या. पुढच्या बाईंची बाजरी होती आणि गप्पांच्या नादात सूचना सांगायची राहून गेली होती. आईने पहिला घास घेतला, पोळी उलटी करून पाहिली. आता ऐकावं लागणार म्हणून लेक ताटात बघत बसली. आई एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाने पहिल्यांदा डाळीवर टाकून आणलं होतं." हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

घरघंटी यथावकाश दुरुस्त झाली. तरी परवाच्या रविवारी लेक पिशवी घेऊन निघालीच, मी दारातून तिला फक्त टाटा केला आणि फोन घेऊन गॅलरीत बसलो. पाचव्या मिनिटाला ग्रुपवर फोटो आला. तीच पाठमोरी मुलगी, तीच पिशवी, "कुणाची आहे?"

मी लिहिलं, "आमचीच. गिरणीत चाललीय."

थोडा वेळ कुणीच काही लिहिलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा निरोप आला: "माझं भाजणीचं पीठ झालं असेल, येताना घेऊन यायला सांगा. आणि म्हणावं, पिशव्या मोजून घे, गेल्या वेळी एक कमी होती."