न न्हाता न्हाल्यासारखे दिसण्याचा यथासांग विधी

ड्राय शाम्पूने केस धुतले जातात, असा समज कोणी बाळगून असेल तर त्याने तो आधी सोडावा. हा शाम्पू काहीही धूत नाही. टाळूतल्या तैलग्रंथी रात्रंदिवस तेलकट स्राव सोडत असतात. तो मुळांशी पसरतो, केस एकमेकांना चिकटतात आणि या डोक्याने दोन दिवस पाणी पाहिलेले नाही हे बघणाऱ्याला लांबूनच कळते. ड्राय शाम्पूतला स्टार्च, म्हणजे बहुधा तांदळाचे नाहीतर मक्याचे सत्त्व, हे तेल शोषून घेतो. तेल डोक्यावरच राहते, घाम डोक्यावरच राहतो, काल लोकलमध्ये बसलेली धूळही डोक्यावरच राहते. फक्त दिसत नाही. सरकारी कचेरीत एकदा तरी खेटे घातलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगायला नको. प्रकरण निकाली निघत नाही, पुढच्या तारखेवर जाते. ती तारीख अब्रूनिशी कशी मिळवावी, एवढ्यापुरताच हा विधी आहे.

अधिकार

सोसायटीचा टँकर आला नाही, रात्रभराचा प्रवास करून थेट मुलाखतीला जायचे आहे, डॉक्टरांनी डोक्यावरून पाणी घ्यायला मनाई केली आहे, किंवा केस इतके लांब आहेत की जुलैत सकाळी धुतले तर संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत, अशा सर्वांना अधिकार आहे. नुसता कंटाळा आला आहे त्यांनाही आहे. त्यांनी टँकरचे कारण सांगावे.

आदल्या रात्री खोबरेल तेल चोपडलेल्यांना अधिकार नाही. पीठ टाळूच्या तेलाला पुरते, बरणीतल्या तेलाला नव्हे. टाळूवर जखम, पुरळ किंवा मुरलेला कोंडा असेल त्यांनीही दूर राहावे. ज्यांचे केस धुऊन पुसून होण्यास डबा हलवण्याइतकाच वेळ लागतो, अशा पुरुषांनी हा खर्च का करावा, हे शास्त्राला उलगडलेले नाही.

परंपरा

डोक्याला पीठ लावणे हे आजकालच्या पोरींचे थेर आहे, असे कोणी म्हणाल्यास पुढील माहिती तोंडावर फेकावी. अठराव्या शतकातले युरोपातले उमराव केसांवर आणि टोपांवर स्टार्चची भुकटी उधळून दरबारात मिरवत. १७९५ साली इकडे खर्ड्याच्या मैदानात मराठे निजामाला नमवत होते आणि त्याच वर्षी तिकडे ब्रिटनचे पंतप्रधान विल्यम पिट केसांच्या भुकटीवर कर बसवत होते. डोक्याला भुकटी लावायची तर वर्षाला एक गिनी भरून परवाना काढा! त्या काळी गव्हाची टंचाई होती आणि माणसे पीठ डोक्यावर मिरवत होती. कर बसताच अनेकांना साधे केस अचानक शोभून दिसू लागले. आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे हात सैल सुटतो.

साहित्य

डबा एक. जुना टॉवेल एक. दाट दातांचा कंगवा किंवा ब्रश. उघडी खिडकी. आरसा, शक्यतो दोन.

डबा परवडत नसल्यास कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट घ्यावे. काळ्या केसांसाठी त्यात रंग जुळेपर्यंत साधी कोको पावडर मिसळावी आणि मऊ ब्रशने मुळांशी लावावी. कोको बिनसाखरेची असल्याची खात्री करावी, नाहीतर मुंग्यांना घर कळते. बेसन वापरू नये. घाम सुटताच त्याचे काय होते, हे भजी तळणाऱ्या घरात सांगायची गरज नाही.

मुहूर्त

बहुतेक जण सकाळी आठला, एक पाय चपलेत असताना फवारतात. हा कुमुहूर्त. उत्तम मुहूर्त आदल्या रात्री झोपण्यापूर्वीचा. केस तेलकट झाल्यावर पीठ लावण्यापेक्षा तेल यायच्या वेळी पीठ हजर असणे बरे. रात्रभर कूस बदलताना ते उशीवर आपोआप चोळले जाते आणि सकाळपर्यंत पांढरेपणाही ओसरतो. उशीचा अभ्रा मात्र धुवावा लागतो. कोणाचे तरी न्हाणे टळत नाहीच.

विधी

१. डबा चांगला हलवावा. पीठ तळाशी बसलेले असते. न हलवता फवारल्यास डोक्याला केवळ वास मिळतो आणि पीठ डब्यात शिल्लक राहते.

२. टॉवेल खांद्यांवर घ्यावा. काळा कुर्ता आधीच घातला असेल तर दिवसभर तो कोंडा नसल्याचे खुलासे करण्याची तयारी ठेवावी.

३. केसांचे पाच-सहा भाग पाडावेत. वरच्यावर एक फवारा मारणे म्हणजे पाहुणे आल्यावर सतरंजीखाली केर लोटणे.

४. डबा डोक्यापासून वीतभर लांब धरावा. कंपन्या पंधरा ते वीस सेंटिमीटर सांगतात; वीत घरचीच असते, शोधावी लागत नाही. जवळून मारल्यास एकाच जागी पांढरा थर बसतो.

५. फवारा फक्त मुळांवर, एका जागी क्षणभर. केसांची टोके आधीच कोरडी असतात, त्यांना पीठ लावून आणखी रुक्ष करू नये.

६. आता दोन मिनिटे थांबावे. बहुतेकांचा विधी इथेच मोडतो, कारण पीठ काम करत असताना आपण काहीच करायचे नाही, हे मराठी मध्यमवर्गीय मनाला सहन होत नाही. या वेळात मोजे शोधावेत किंवा घंटागाडीला कचरा द्यावा. चहा टाकू नये. फवाऱ्याला ढकलणारा वायू बहुधा ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचा असतो, म्हणजे स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचाच सख्खा भाऊ. पेटता गॅस, निरांजन आणि उदबत्ती यांच्या आसपास हा विधी करणे निषिद्ध आहे.

७. बोटांच्या अग्रांनी मुळे चोळावीत, मग मान खाली घालून ब्रश फिरवावा. पीठ चोळून झाडायचे असते. नुसते ठेवायचे नसते.

८. खिडकीच्या उजेडात, दुसरा आरसा मागे धरून तपासणी करावी. ट्यूबलाइट सगळ्यांनाच फिकट करते, तिच्यावर विसंबू नये. कानामागचा पट्टा हमखास राहून जातो आणि तो आपल्याला सोडून स्कूटरवर मागे बसलेल्या प्रत्येकाला दिसतो.

घाईत पायरी सहा किंवा सात गाळल्यास केस करडे दिसू लागतात. या अवस्थेचा एक फायदा आहे. लोकलमध्ये कोणीतरी उठून जागा देते. ती घ्यावी. हे केस उन्हाने पांढरे झालेले नाहीत, असे त्या वेळी छातीठोकपणे सांगता येते.

स्थलभेद

मुंबईत पावसाळ्यात हवेतच इतके पाणी असते की पीठ टाळूचे तेल सोडून तेच पिऊ लागते आणि मुळांशी चिकटा धरतो. तिथे नेहमीच्या निम्मेच फवारावे आणि पंख्याखाली उभे राहावे.

पुण्यात हेल्मेटला विरोध करण्याची पुष्कळ कारणे आजवर मांडली गेली. केस चपटे होतात हे त्यातले सर्वांत प्रामाणिक. पुणेकरांनी हेल्मेट घालण्याआधी नव्हे, तर उतरवल्यावर, घाम वाळल्यानंतर फवारावे. ओल्या केसांवर पीठ मारणे हा सगळीकडेच मूर्खपणा आहे.

नागपूर-अकोल्याकडच्यांनी उन्हाळ्यात डबा गाडीत ठेवू नये. पन्नास अंशांपेक्षा जास्त तापमान त्याला चालत नाही, असे डब्यावर छापलेले असते, आणि मे महिन्यातली बंद गाडी छापलेले वाचत नाही.

धर्मनिर्णय

अमुक वारी केसांवरून पाणी घेऊ नये, याची यादी घरोघरी वेगळी असते. कुठे सोमवार, कुठे शनिवार, कुठे एकादशी. ड्राय शाम्पूचे काय, हा प्रश्न घरातल्या ज्येष्ठांपुढे गेल्यास सुनावणी साधारण अशी होते.

“न्हालीस का गं?”

“नाही आजी, फवारा मारला.”

“डोक्याला पाणी लागलं?”

“नाही.”

“मग ते काही न्हाणं नव्हे.”

निर्णय स्वच्छ आहे आणि वर्ज्य वारी विलक्षण उपयोगी पडतो. मात्र तोच निर्णय उलटही लागू होतो. सुतक फिटताना, अंत्यविधीहून परतल्यावर किंवा सोवळ्याच्या स्वयंपाकाला हात लावण्यापूर्वी डबा दाखवून भागत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे उटण्याऐवजी फवारा मारणाऱ्याची गणना कोणाच्या पक्षात होते, हे त्याने ओळखावे. सोयीचा तेवढा निकाल उचलण्याची मुभा आजीच्या न्यायालयात नाही, आणि वरचे न्यायालयही नाही.

निषेध

खोली बंद करून फवारू नये. तो धूर नाकातही जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये युनिलिव्हरने अमेरिकेत डव्ह, ट्रेझमे वगैरे ब्रँडचे वर्षभरापूर्वीचे काही ड्राय शाम्पू परत मागवले, कारण त्यांत बेंझिन असण्याची शक्यता आढळली होती, आणि बेंझिन कर्करोगाला कारण ठरते. तेव्हा खिडकी उघडी ठेवावी आणि घरातल्या लहान मुलांना लांब.

लेडीज डब्यात, लिफ्टमध्ये किंवा ऑफिसच्या एसीखाली फवारू नये. आपले न न्हाणे ही खाजगी बाब आहे. त्यात पंचवीस जणींना सहभागी करून घेऊ नये.

वासावर वास चढवू नये. डब्यावर मोगरा लिहिलेला असला तरी तो मोगरा नव्हे. खरा गजरा माळायचा असेल तर बिनवासाचा डबा घ्यावा.

उद्यापन

कोणतेही व्रत उद्यापनाशिवाय सुफळ होत नाही आणि या व्रताचे उद्यापन पाण्याने होते. सलग दोन दिवसांपलीकडे हा विधी लांबवू नये. तिसऱ्या दिवशी नळ सोडावा, टाळू भिजवावी, साधा शाम्पू बोटांनी मुळांशी चोळावा. पहिल्या वेळी फेस येणार नाही, कारण तो पीठ आणि तेल सोडवण्यात खर्ची पडतो. दुसऱ्यांदा येईल. तेव्हा काम झाले असे समजावे. ज्याला हा डबा महिनाभर पुरवायचा आहे, त्याला सगळ्यात उपयोगी पडते ते हे धुणेच. स्वच्छ टाळूवर थोडे पीठ पुरते, मळक्या टाळूवर अख्खा डबा पुरत नाही.

जो उद्यापन न करता तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही डबाच उचलतो, त्याच्या मुळांशी थरावर थर चढतात, डोके खाजू लागते, पापुद्रे सुटतात आणि अखेर त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्यावी लागते. तिथे नंबर लावून, फी भरून, त्याला तोच प्रश्न ऐकावा लागतो जो आजी घरात फुकट विचारत होती.