पुलावर पाणी आहे

लंडनहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी पर्लकोटा नदीच्या काठावर छत्री धरून उभा होतो.

"मामा, वैताग आलाय. काल रात्री सेव्हिंगमधून पैसे काढायला टाकले, अजून हातात नाहीत."

"किती वेळ झाला?"

"बारा तास!"

माझ्या खिशात पैसे काढायची स्लिप होती. रक्कम दोन हजार, अक्षरी रुपये दोन हजार फक्त, खाली सही. तारीख मात्र दोनदा खोडलेली. स्लिप भरून पाच दिवस झाले होते. बँक नदीपलीकडे, भामरागडला. मी अलीकडे, हेमलकशाच्या बाजूला. मधलं अंतर सरकारी दगडाप्रमाणे तीन किलोमीटर आणि त्या दिवशीच्या हिशेबाने अमर्याद, कारण पूल दिसतच नव्हता. पूल जिथे असतो तिथून लाल पाणी वाहत होतं आणि त्यावरून कुणाच्या तरी गोठ्याचं छप्पर निवांतपणे इंद्रावतीकडे निघालं होतं.

मी भाच्याला धीर दिला. म्हटलं, येतील हो, पैसेच ते, जातात कुठे.

भाचा शहाणा आहे. त्याने मला तिकडची रीत समजावून सांगितली. तिकडे बचत खात्यांच्या जाती असतात. एक 'इझी ॲक्सेस', म्हणजे वाटेल तेव्हा काढा. दुसरी नोटिशीची, म्हणजे पैसे हवे असतील तर तीस दिवस, नव्वद दिवस आधी कळवा. दुसरीत सहसा व्याज थोडं जास्त. वाट बघण्याची मजुरीच म्हणायची. मी म्हटलं, आमच्याकडेही नोटिशीचंच खातं आहे, फक्त नोटीस आम्ही देत नाही, नदी देते. आणि वाट बघण्याची मजुरी काही मिळत नाही, व्याज ते अडीच-पावणेतीन टक्केच.

नदी एकटी असती तरी चाललं असतं. भामरागडला तीन आहेत: पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती. त्रिवेणी संगम म्हणून पाहुणे फोटो काढतात. सुंदरच दिसतो, हिवाळ्यात. पावसाळ्यात कळतं की हा संगम म्हणजे एकाच खिडकीवर तीन रांगा. इंद्रावती फुगली की पर्लकोटेच्या पाण्याला पुढे जागा मिळत नाही, ते मागे तुंबतं आणि ठेंगण्या पुलावर चढतं. म्हणजे आमच्या डोक्यावर लख्ख ऊन पडलेलं असूनही पूल बुडालेला असू शकतो, कारण पाऊस तिकडे बस्तरात पडलेला असतो. इंद्रावतीचा उगम त्याहून लांब, ओडिशात. माझ्या स्लिपवर किती राज्यांच्या ढगांची सही लागते, ते बँकेच्या नियमावलीत कुठे लिहिलेलं नाही. बाहेरच्या फलकावर मात्र लिहिलंय: कधीही, कुठेही.

मी मूळचा वर्ध्याचा. आश्रमशाळेत मास्तर म्हणून इकडे आलो त्याला बारा वर्षं झाली. बचत खात्याचं वेड घरातलं. वडिलांना महिन्याची 10 तारीख तोंडपाठ असे. कारण तेव्हा बँका 10 तारखेपासून महिनाअखेरपर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज देत. नऊला पैसे भरले तर महिना पदरात, अकराला भरले तर पाण्यात. आणि पंचवीसला शंभर काढले तर त्या शंभराचं अख्ख्या महिन्याचं व्याज बुडालं. त्यामुळे आमच्या घरी पंचवीस तारखेला कुणी आजारी पडत नसे. पडलाच तर एक तारखेपर्यंत काढ्यावर भागवत. 1 एप्रिल 2010 पासून बँकांनी रोजच्या शिल्लकेवर व्याज मोजायला सुरुवात केली आणि वडिलांच्या आयुष्यातला एक खेळच संपला. पोस्टात मात्र तो नियम अजून आहे. म्हणून त्यांचं शेवटपर्यंत पोस्टावर जास्त प्रेम होतं.

पैसे कसे 'काढायचे' असतात, हे मी तेव्हा शिकलो. शब्द बघा ना. विहिरीतून पाणी काढतात, गाईचं दूध काढतात, पायातला काटा काढतात. सगळं कष्टाचं काम, आणि थोडं दुखणारंही. पुण्यातला माझा मित्र आता पैसे काढत नाही, त्याचे ते जातात. चहाच्या टपरीवर फोन दाखवला की गेले. त्याच्या खात्यातून पैसे इतक्या चटकन निघतात की महिन्याच्या बारा तारखेला तो मला विचारतो, "तुझं कसं रे शिल्लक राहतं?" माझं पर्लकोटा राखते. जुलै-ऑगस्टात माझी जी बचत होते, त्यात माझ्या चारित्र्याचा वाटा शून्य आहे.

पूल उघडा असला म्हणजे पैसे निघतातच असं मात्र समजू नका. मग लिंक असते. म्हणजे नसते. "लिंक नाही जी," हे वाक्य मी आयुष्यात इकडच्या नमस्काराच्या, 'जोहार'च्या खालोखाल ऐकलं असेल. लिंक आली तर वीज जाते. वीज आली तर रोकड आलापल्लीकडून निघालेली असते, पोचलेली नसते. आणि हे सगळं जुळून आलं तर अंगठा लागत नाही.

हे अंगठ्याचं प्रकरण शहरातल्यांना सांगावं लागतं. 28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना सुरू झाली आणि शिल्लक शून्य ठेवून खाती घाऊक उघडली गेली. पुढे बँकमित्र आला: लहानसं यंत्र, त्यावर अंगठा ठेवा, आधारशी जुळला की पैसे घ्या. सही न येणाऱ्याला याहून सोपं काय असणार? पण इकडचा अंगठा हा कामाचा अंगठा आहे. मार्च-एप्रिलात मोहफुलं वेचलेला, मे महिन्यात तेंदूची पानं तोडून सत्तर-सत्तरची पुडकी बांधलेला, पावसाळ्यात धानाच्या चिखलात बुडलेला. त्यावरच्या रेघा झिजून गेलेल्या. यंत्र विचारतं, तू कोण? अंगठ्याला सांगता येत नाही. मग पुसतात, पाण्याने धुतात, केसांवरून फिरवतात, पुन्हा ठेवतात. माझ्या खडू धरणाऱ्या अंगठ्याला यंत्र लगेच ओळखतं. जो जास्त राबला त्याला उशिरा ओळखायचं, एवढं तरी ते माणसांकडूनच शिकलं असावं.

2024 च्या ऑगस्टात 'लाडकी बहीण' योजनेचे दोन महिन्यांचे मिळून तीन हजार बायकांच्या खात्यात आले. योजना कुणी आखली असेल त्याने रक्षाबंधनाचं कॅलेंडर पाहिलं होतं, आमचं नाही. ऑगस्टात या पुलाचा भरवसा नसतो.

तरी खातं नव्हतं तेव्हाचे दिवस चांगले होते असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. बाबा आमटे 1973 च्या डिसेंबरात हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात करायला आले, तेव्हा इथे धड रस्ता नव्हता. व्यवहार वस्तूला वस्तू असा. माडिया माणूस जंगलातून चारोळी आणायचा आणि व्यापारी तिच्या बदल्यात मीठ द्यायचा. चारोळीचा भाव ज्याला ठाऊक आहे त्याने हा हिशेब मनातल्या मनात करून पाहावा. तो सौदा फार चटकन होत असे. ना लिंक, ना रांग. चटकन होणाऱ्या व्यवहाराबद्दल माझ्या मनात थोडा संशय आहे, तो तेव्हापासूनच्या गोष्टी ऐकून आलेला.

आणि सगळ्या देशाने एकदा आमच्यासारखं जगून पाहिलेलं आहे. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटबंदीनंतर एटीएममधून दिवसाला दोन हजार, मग अडीच हजार. बँकेतून आठवड्याला 24,000. पुण्याचा मित्र तेव्हा रात्री अकराला रांगेतून फोन करायचा. मी त्याला विचारलं होतं, "पुलावर पाणी आहे का?"

शेजारच्या दादांकडे पासबुक आहे. ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी आढ्याला टांगलेली, उंदीर आणि पूर दोघांपासून सुरक्षित. पण त्यांची खरी खाती अंगणात. बकऱ्या म्हणजे मुदत ठेव. लग्नाकार्याशिवाय मोडत नाहीत. सुकवलेला मोह हीही ठेवच, पण अवघड. हंगामात भाव पडलेला असताना विकावा लागतो आणि पावसात तोच मोह व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने घ्यावा लागतो, म्हणजे व्याज उलटं. कोंबड्या मात्र चालू खातं. पाहुणा आला, पोर आजारी पडलं, एक काढली. फक्त वेळ पाळावी लागते. दिवसा कोंबडी धरणं म्हणजे लिंक नसताना पैसे काढणं. संध्याकाळी त्या खुराड्यात शिरल्या की मग कामकाज सुरू.

त्या संध्याकाळी नदीवरून परत आलो तर दादा माझ्या दारात उभे. काखेत कोंबडा, पाय बांधलेले.

"जोहार मास्तर. नातीला उद्या आलापल्लीला न्यायची आहे. पाचशे द्या."

रस्ता अलीकडचा, त्यामुळे आलापल्ली उघडी होती. कोंबडा लाल, तुरा ताठ, पाचशे म्हणजे स्वस्तच. मी आत गेलो. पाकिटात पन्नासची एक आणि दहाच्या तीन. डब्यात चिल्लर. बाहेर येऊन सांगितलं, "दादा, रोकड नाही."

ते काही बोलले नाहीत. नुसते बघत राहिले. त्या नजरेला मी चांगला ओळखतो. बारा वर्षं मी तिच्या पलीकडच्या बाजूने बघत आलो आहे, खिडकीच्या जाळीतून रोखपालाकडे.

"खात्यात आहेत," मी म्हणालो. माझ्याच कानांना ते बरं वाटलं नाही.

"पूल?"

"पुलावर पाणी आहे."

"मग उद्या या म्हणू नका," दादा म्हणाले आणि हसले. कोंबड्यालाही काहीतरी कळलं असावं, तो काखेतून ओरडला.

आम्ही दोघं नाक्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदाराने कोंबडा उलटा धरून वजन अंदाजलं, गल्ल्यातून पाचशेची नोट काढली, दादांना दिली. अंगठा नाही, सही नाही, दोन मिनिटं. दादा गेले. मग दुकानदार कोंबडा माझ्याकडे वळवून म्हणाला, "मास्तर, घेता का? उद्या रविवार आहे."

भाच्याचा मेसेज रात्री आला: पैसे जमा झाले. एकूण अठरा तास. बँकेला तक्रार लिहिणार आहे म्हणे.

पूल त्यानंतर चौथ्या दिवशी उघडला. दुकानदाराच्या वहीत माझ्या नावापुढे लिहिलंय: कोंबडा एक, 600.