टाकाऊ हवेची थोरवी

मराठी घरात सर्वांत अवघड निर्णय कोणता, तर वस्तू टाकून देण्याचा. श्रीखंडाचे रिकामे डबे, लग्नात मिळालेल्या पिशव्या, झाकण हरवलेला कुकर आणि कुकर हरवलेलं झाकण हे सगळं माळ्यावर गुण्यागोविंदानं नांदत असतं. 'असू दे, लागतं कधीतरी' या एका वाक्यावर आपले संसार उभे आहेत. अशा घरात वाढलेल्या माणसाला आपल्याच छातीतला कारभार नीट कळला, तर तो चक्रावून जाईल. तिथे घेण्यापेक्षा टाकण्याचीच घाई मोठी.

श्वास म्हणजे ऑक्सिजन, हे शाळेपासून घोकलेलं असतं. पण नाक दाबून बसलं की थोड्याच वेळात जी तगमग सुरू होते, ती मुख्यतः ऑक्सिजन कमी पडल्याची नसते. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, आंबटपणा वाढतो आणि मेंदूच्या तळाशी बसलेली लंबमज्जा ओरडू लागते, 'आधी हे बाहेर काढा!' हृदयाला आपण थांब म्हणू शकत नाही, जठराला सुट्टी देऊ शकत नाही. श्वासाला मात्र आपला हुकूम चालतो. पण लंबमज्जा तो घटकाभरच चालू देते. मग आपण तोंड उघडतो, आणि रुसलेलं पोर 'मी श्वासच घेणार नाही' म्हणालं तरी आई निवांत भाजी निवडत का बसते, ते कळतं.

उन्हाळ्यात विहिरीवर पोहणाऱ्या पोरांत पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज हमखास लागते. एखादा हुशार बुडी मारण्याआधी भराभरा मोठे श्वास घेतो. त्याला वाटतं, ऑक्सिजन भरून घेतला. खरं तर रक्तात आधीच जवळजवळ पुरेपूर ऑक्सिजन असतो, फारशी भर पडत नाही. तो करतो ते इतकंच, की कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षा जास्त बाहेर घालवतो. त्यामुळे लंबमज्जेची ओरड उशिरा सुरू होते आणि तिच्याआधीच ऑक्सिजन संपला, तर पोरगा पाण्यातच बेशुद्ध पडतो. चांगले पोहणारेही असे बुडाले आहेत. ही हुशारी कुणी करत असेल तर त्याला तिथल्या तिथे दटावावं.

एरवी ऑक्सिजनच्या बाबतीत शरीर फार हावरट नाही. आत जाणाऱ्या हवेत तो सुमारे 21 टक्के असतो, बाहेर येणाऱ्या हवेतही 16 टक्के उरतो. बुडालेल्याच्या तोंडात आपण फुंकलेली उष्टी हवा त्याच्या कामी येते ती म्हणूनच. कार्बन डायऑक्साइड मात्र जाताना 0.04 टक्के आणि येताना चार टक्के, म्हणजे शंभर पट! शांत बसलेला माणूस मिनिटाला 12 ते 20 वेळा अर्धा-अर्धा लिटर हवेची ही उलाढाल करतो आणि वर 'आज काहीच काम झालं नाही' म्हणतो.

यातही घेण्याला कष्ट आहेत. श्वासपटल आकसून खाली जातं, फासळ्या वर उचलल्या जातात, छाती मोठी होते, तेव्हा कुठे हवा आत येते. सोडण्याला मात्र काही करावं लागत नाही. स्नायू सैल पडले की ताणलेली फुप्फुसं आपोआप मूळ आकाराला येतात. अर्थात माळ्याचा मोह फुप्फुसांनाही थोडा आहेच. कितीही जोर लावून श्वास सोडला, तरी सव्वा लिटरच्या आसपास हवा आत राहतेच. ती ठेवण्यात शहाणपण आहे, नाहीतर कोट्यवधी इवले वायुकोश मिटून जातील आणि पुन्हा उघडताना जीव मेटाकुटीला येईल.

आणि या टाकाऊ हवेचं आपण काय करतो? बोलतो! शाळेत हस्तकलेच्या तासाला 'टाकाऊतून टिकाऊ' करायला लावत, पण या इतकी टिकाऊ वस्तू कुणी केली नसेल. बाहेर निघालेली हवा स्वरयंत्रातून जाता जाता तिथले पडदे थरथरवते आणि अंगाई, अभंग, 'अहो, ऐकलंत का' आणि 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरू झालेलं तासाभराचं अध्यक्षीय भाषण, सगळं तिच्यातून निघतं. शरीरानं नको म्हणून बाहेर काढलेल्या हवेवर लोक निवडणुका जिंकतात.

हे सोडणं किती मोलाचं, ते दमेकऱ्याला विचारावं. 'श्वास घेता येत नाही' असं तो म्हणतो, पण त्याची खरी अडचण सोडण्याची असते. आतल्या नळ्या आकसलेल्या, सुजलेल्या. श्वास सोडताना त्या आणखी चिंचोळ्या होतात, शिट्टीसारखा आवाज येतो. हवा आतच अडकून राहते, छाती भरलेली असते आणि नव्या हवेला जागाच नसते. दम्याचा जोर वाढला की वाक्य पुरं होत नाही, दोन-दोन शब्दांत तुटतं. डॉक्टर रुग्णाच्या बोलण्याकडे कान देतात ते त्यासाठीही.

पुण्यात पर्वतीच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर थांबून 'काय सुंदर दिसतंय शहर!' म्हणणारे बरेच भेटतात. त्यांतल्या निम्म्यांना शहर दिसतही नसतं, ते दम खात असतात. वाचकहो, अशा माणसाला 'काय, दमलात?' असं विचारू नका. उत्तर द्यायला लागणारी हवा त्याला या घडीला भराभर बाहेर टाकायची आहे.