तीर्थस्वरूप यादीबाईंना अनावृत पत्र

तीर्थस्वरूप प्रतीक्षा यादीबाई यांस,
मुक्काम पंचायत समिती, तालुके चौदा, जिल्हा अहिल्यानगर.
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, जिल्ह्यात यंदाही लग्नं झाली. तुळशीचं लग्न लागलं तशी मंगल कार्यालयं भरली, पंगती उठल्या, अक्षता पडल्या आणि नवी जोडपी जुन्याच घरात राहायला गेली. बापाच्या दोन खोल्या, त्यात थोरला भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं. धाकट्या जोडप्याच्या वाट्याला पडवी आणि पडवीला जुन्या साडीचा पडदा. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं जुनी माणसं सांगून गेली. त्यांनी घर आधी ठेवलं, लग्न नंतर. हा क्रम म्हणीपुरता असेल असा लोकांचा समज होता. आपण तो शासकीय निकष करून टाकलात, त्याबद्दल प्रथम आपलं अभिनंदन.

बाईमाणसाला वय विचारू नये, म्हणून पत्रलेखक विचारत नाही. कागदोपत्री दिसतं ते एवढंच. घरकुलाची इंदिरा आवास योजना १९८५ ची. २०१६ मध्ये तिची पंतप्रधान आवास योजना-ग्रामीण झाली आणि लाभार्थी ठरवायला आधार घेतला २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेचा. तिच्यातून निघालेल्या यादीला गावात 'ब यादी' म्हणतात. तीत गरजू माणसं सुटली अशी ओरड झाली, म्हणून २०१८ मध्ये 'आवास प्लस' नावाचा सर्व्हे निघाला आणि त्यातून 'ड यादी' जन्मली. मग 'आवास प्लस २०२४'. त्यात मोबाइलवर चेहरा दाखवून स्वतःच स्वतःचा सर्व्हे करायचीही सोय होती. गणना, सर्व्हे, पुन्हा सर्व्हे. मधली वर्षं आपण विश्रांती घेतलीत.

आता समजा, राहुरी तालुक्यातल्या एका मजुराचा मुलगा २००० साली जन्मला. २०११ मध्ये प्रगणक दारात आला तेव्हा पोरगं पाचवीत होतं. 'बारा वर्षांनी माझी बायको येणार आहे, तेवढी एक खोली धरून ठेवा,' असं त्यानं त्याच वेळी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चूक त्याची. २०१८ मध्ये तो अठराचा झाला. कायद्यानं मुलाच्या लग्नाचं वय एकवीस, म्हणजे दुसऱ्या सर्व्हेत वेगळा संसार दाखवायचा तर आधी बालविवाह करावा लागला असता. पोरगं कायदा पाळत बसलं. लग्न लागलं तोवर ब आणि ड दोन्ही दारं बंद. तिसऱ्या सर्व्हेत एकदाचं नाव लागलं, आणि योजनेचा हा टप्पा आहे २०२४ ते २०२९ असा. सगळं सुरळीत झालं तरी घराला कुलूप लावायची वेळ येईपर्यंत नवरदेव तिशीला टेकलेला असेल. आपण तरुण जोडप्यांना घर देत नाही, असं कोण म्हणतं? आपण फक्त ती तरुण असताना देत नाही.

बरं, नाव लागायला संसार वेगळा दिसला पाहिजे. म्हणजे रेशनकार्ड विभक्त, रोजगार हमीचं जॉबकार्ड वेगळं. आणि राहतं घर कच्चं हवं. बापाला पूर्वी घरकुल मिळालं असेल, वर स्लॅब असेल, तर पडवीत झोपणारं पोरगंही पक्क्या घरात राहतं असं मोबाइलच्या फोटोत दिसतं. बापाचं घरकुल आलं आणि मुलाचं गेलं. २०२४ पर्यंत तर दुचाकी किंवा फ्रीज असला तरी माणूस बाद होत असे. सासऱ्यानं हौसेनं दिलेली मोटारसायकल दारात उभी राहिली की जावयाचं घरकुल परस्पर रद्द. ती अट आता काढली, महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादाही दहा हजारांवरून पंधरा हजारांवर नेली. हे चांगलं झालं, आणि चांगल्याला चांगलं म्हणायला पत्रलेखकाची ना नाही.

पैशाचंही बोलू, कारण मंजुरीपत्र हातात पडलं की घर झालं, असं फक्त मंजुरीपत्र देणाऱ्यांना वाटतं. २२ फेब्रुवारी २०२५ रोजी पुण्यात बालेवाडीला केंद्रीय गृहमंत्र्यांच्या हस्ते मोठा कार्यक्रम झाला. राज्यातल्या २० लाख लाभार्थ्यांना मंजुरीपत्रं आणि १० लाखांना पहिला हप्ता. हा पहिला हप्ता १५ हजारांचा. सपाटीच्या भागात घरामागे अनुदान १ लाख २० हजार; २०१६ मध्ये तेवढंच होतं, आजही तेवढंच आहे. सिमेंटच्या पोत्याला आणि सळईला मात्र हा आकडा कुणी कळवलेला नाही. २०२५ मध्ये राज्यानं स्वतःकडून ५० हजार वाढवले. त्यातले ३५ हजार बांधकामाला, १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. आधी छत यायला हवं, एवढीच अडचण.

हिशेब मांडू. योजनेप्रमाणे घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. गवंडी, सळई, वाळू, सिमेंट धरून चौरस फुटाला दीड हजार, असा हात आखडूनच आकडा धरला तरी चार लाख होतात. सरकारकडून १ लाख २० हजार अधिक ३५ हजार. रोजगार हमीची ९० दिवसांची मजुरी २०२५-२६ च्या ३१२ रुपयांच्या दरानं २८ हजार. शौचालयाचे १२ हजार. बेरीज १ लाख ९५ हजार. म्हणजे निम्मं घर सरकारचं आणि निम्मं जोडप्याचं. निम्म्या घराला भिंती असतात की छत, ते मार्गदर्शक सूचनांत दिलेलं नाही.

वाळूची गोष्ट तर या जिल्ह्यानं जवळून पाहिली आहे. प्रवरा, मुळा, गोदावरी, भीमा, एवढ्या नद्यांच्या कुशीत राहून नगरचा माणूस वाळूला महाग. १ मे २०२३ रोजी राज्यातला पहिला शासकीय वाळू डेपो श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावातच सुरू झाला, सहाशे रुपये ब्रास. दोन वर्षांत ते धोरण गुंडाळलं आणि एप्रिल २०२५ मध्ये नवं आलं. त्यात घरकुलाला पाच ब्रास वाळू फुकट. फुकट वाळू नदीकाठावरून दारापर्यंत आणायला ट्रॅक्टर लागतो आणि ट्रॅक्टरवाला मामा लागत नाही, हा तपशील धोरणात राहून गेला असावा.

उरलेले दोन लाख कुठून येतात ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या नव्या सुनांना विचारावं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादम लग्नाच्याच वर्षी नवराबायकोची जोडी एक कोयता म्हणून धरतो आणि आगाऊ उचल हातात ठेवतो. त्याला विभक्त रेशनकार्ड लागत नाही, फेरसर्व्हे लागत नाही. अंगठा, उचल, आणि चार-पाच महिने कारखान्याच्या तळावर उसाच्या पाचटाची कोपी. बाई पहाटे अंधारात मोळ्या बांधते, गाडी भरली की कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापते. त्या काळात गावाकडे गृहनिर्माण अभियंता मोबाइल घेऊन येतो. घरकुलाचा प्रत्येक टप्पा जागेवर फोटो काढून जिओ टॅग करावा लागतो, मगच पुढचा हप्ता. जोतं तयार, अभियंता हजर, लाभार्थी फडात. हप्ता थांबला की काम थांबलं, काम थांबलं की पुन्हा उचल. महाराष्ट्रात संसाराची पहिली नोंद घेणारी यंत्रणा साखर कारखान्याचा मुकादम आहे, यादीबाई. तो शोषण करतो, हे खरंच. पण तो वेळेवर येतो.

आता जागा. घरकुल मंजूर, पण बांधायचं कुठं? बापाच्या नावच्या आठ-अ उताऱ्यावर पाच भाऊ. जागा नसलेल्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं योजना आहे, ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला पूर्वी ५० हजार मिळत, आता एक लाखापर्यंत. गंमत अशी की एका हातानं सरकार अर्धा गुंठा घ्यायला पैसे देत होतं आणि दुसऱ्या हातात १९४७ चा तुकडेबंदी कायदा होता. त्याच्या हिशेबानं बागायत दहा गुंठे आणि जिरायत वीस गुंठ्यांखाली खरेदीखतच होत नव्हतं. घरकुलासाठी हजार चौरस फुटांपर्यंत सूट २०२४ मध्ये मिळाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. गायरानात घर बांधावं, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं गायरानातली अतिक्रमणं काढायला सांगितलं आणि राज्यभरात दोन लाखांवर घरांच्या पोटात गोळा आला. एक खातं म्हणतं जागा दाखवा, दुसरं खातं म्हणतं जागा सोडा.

शहरात जावं म्हटलं, तर तिथं आपल्या धाकट्या बहिणी आहेत. नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेलं एक जोडपं घ्या. तो चौदा हजार, ती चौदा हजार. वर्षाला ३ लाख ३६ हजार. पंतप्रधान आवास योजना-शहरी २.० मध्ये अडीच लाखांच्या अनुदानाचं घर मिळतं ते वार्षिक ३ लाखांपर्यंतच्या कुटुंबाला. बायको घरी बसली असती तर पात्र ठरली असती. कामाला गेली म्हणून वरच्या गटात चढली. त्या गटासाठी गृहकर्जाच्या व्याजावर अनुदान आहे, फार तर १ लाख ८० हजार, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. पण आधी बँकेनं कर्ज द्यायला हवं, आणि कंत्राटी कामगाराची पगारपावती पाहून बँकेचा साहेब चहासुद्धा मागवत नाही.

म्हाडाचं म्हणाल तर अहिल्यानगर जिल्हा नाशिक मंडळात येतो. सोडतीत पत्रकारांना राखीव कोटा आहे, कलावंतांना आहे, म्हाडाच्या कर्मचाऱ्यांना आहे, आजी-माजी आमदार-खासदारांनाही दोन टक्के आहे. २०२३ च्या मुंबईच्या सोडतीत ताडदेवचं साडेसात कोटींचं घर एका आमदारांना लागलं होतं, नंतर त्यांनी ते परत केलं. बेघर लोकप्रतिनिधींची इतकी काळजी घेणाऱ्या व्यवस्थेत नवविवाहितांचा एक टक्काही नाही.

अहिल्यानगर शहरात एक वेगळं कामही झालं, ते नमूद केलं नाही तर पत्र खोटं ठरेल. संजयनगर झोपडपट्टीतल्या २९८ कुटुंबांच्या पक्क्या घरांचा प्रकल्प महापालिका, स्नेहालय आणि कम्युनिटी डिझाइन एजन्सी या संस्थांनी हाती घेतला. रहिवाशांना बसवून, अंगण कसं हवं, जिना कुठं हवा, हे विचारून नकाशे केले. विचारलं की माणसं सांगतात, एवढं त्यातून दिसलं. अशा पुनर्वसनाची यादी मात्र कुठंही एका तारखेला गोठते, आणि त्यानंतर लागलेल्या लग्नांचा हिशेब पुन्हा पडवीत जातो.

सिंगापुरात आपल्या जातीची एक यादी आहे. तिथं लग्न ठरलेलं जोडपं लग्नाआधीच सरकारी फ्लॅटसाठी अर्ज करू शकतं. किल्ल्या घेतल्यावर तीन महिन्यांत विवाहाचा दाखला दिला की झालं. म्हणून तिथली मुलं लग्नाची मागणी घालताना 'फ्लॅटचा अर्ज भरू या का?' असं विचारतात, असा विनोद आहे. रांग तिथंही तीन-चार वर्षांची. पण ती साखरपुड्यापासून मोजतात, मुलगा पाचवीत असल्यापासून नाही. तिथली बहुतेक जमीन सरकारची, आपली तशी नाही, हेही कबूल.

पण आपल्याकडे काही घडतच नाही, असंही नाही. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर करण्याची घोषणा ३१ मे २०२३ रोजी चौंडी या गावात झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बदललं. ४५ लाखांच्या जिल्ह्याचं नाव दीड वर्षाच्या आत बदलतं. ६ मे २०२५ रोजी अख्खं मंत्रिमंडळ बैठकीला चौंडीत आलं. मनावर घेतलं की नाव चढतं, बाई. प्रश्न कुणाचं, एवढाच.

तेव्हा विनंती अशी. १९९८ च्या कायद्यानं गावात विवाहाची नोंद ग्रामसेवक करतात. हल्ली त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं. घरकुलाचे कागदही त्यांच्याच टेबलावर. विवाहाचं रजिस्टर एका कपाटात, आपण दुसऱ्या कपाटात, कपाटं शेजारी. दरवर्षी एका ग्रामसभेत त्या वर्षीची लग्नं वाचावीत, ज्यांना स्वतःचं घर नाही त्यांची नावं तिथंच आपल्यात घालावीत, आणि सहा-सात वर्षांनी एकदा सर्व्हे ही पद्धत बंद करावी. अनुदानाचा आकडाही दर दोन वर्षांनी सिमेंटच्या भावाला जोडून पाहावा. नवं खातं नको, नवं अॅप तर नकोच.

कळावे, लोभ आहेच, तो कमी झाला तरी चालेल.

आपला,
पडवीतल्या जोडप्याचा शेजारी

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या नव्या जोडप्यांसाठी: विवाह नोंदणी, विभक्त रेशनकार्ड आणि जॉबकार्ड ही तीन कामं लग्नाच्या वर्षीच उरकून घ्या. ग्रामसभेत यादी वाचली जाते त्या दिवशी दोघंही हजर राहा. नाव नसेल तर तिथंच लेखी हरकत द्या आणि पोच मागून घ्या.