निर्लेखनास पात्र

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने मे 2025 मध्ये 60 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि त्यांपैकी 30 हजार कोटी केंद्राने, 20 हजार राज्यांनी व 10 हजार उद्योगधंद्यांनी द्यावेत अशी वाटणीही मुक्रर केली, हे वर्तमान वाचून आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील घाटावरचे व घाटाखालचे लोक निदान एका सायंकाळपुरते एकमताचे व्हावयास हरकत नाही. योजनेची आकृती चाकाची आहे: 1,000 संस्थांपैकी 200 तुंब्याच्या जागी, उरलेल्या 800 आऱ्यांच्या. तुंबा कोण आणि आरा कोण, हा निवाडा मुंबई-दिल्लीच्या दप्तरांवर सोपवून आम्ही तूर्त धावेविषयी बोलतो.

लाकडी चाकावर लोखंडी धाव चढविताना खेड्यातला लोहार ती चाकाहून किंचित लहान घडवितो, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईतो तापवितो, फुगलेली धाव चाकावर बसवितो आणि पाणी ओतून ती अशी आवळून घेतो की आरे करकरतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास या क्रियेचे गणित फळ्यावर मिळते, तिचे चलच्चित्रही पडद्यावर दिसते. चटका लागण्याची सोय मात्र अभ्यासक्रमकारांना अद्याप सुचलेली नाही.

आता घाटाखालची एखादी कर्मशाळा वाचकांनी कल्पावी. फिटरचा मुलगा शिकंज्यात पोलादाचा तुकडा धरून कानस मारतो आहे. गुण्या लावून तो तुकडा उजेडाकडे धरतो आणि फटीतून केसाएवढा उजेड दिसताच मुकाट्याने पुन्हा कानस उचलतो. ही मागासलेली पद्धत बंद करून तेथे संगणकनियंत्रित यंत्र आणण्याचे ठरते. यंत्र येते, परंतु थ्री-फेज वीज येत नाही. वीज येते, तेव्हा शिल्प निदेशकाचे पद रिक्त असते आणि वायरमनच्या निदेशकाकडे अतिरिक्त कार्यभार असतो, जो हा भला माणूस यंत्राच्या पेटीस टेकून हजेरी घेण्यापुरता इमानाने पार पाडतो. पेटी उघडता येत नाही, कारण उद्घाटनाची तारीख मिळालेली नाही.

चित्रकला सोडून यंत्रांकडे वळलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या 1887 साली स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत, आणि पुढे 1910 साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. त्यांचा अर्ज आज या रिक्त पदासाठी आला, तर पात्रतेच्या प्रमाणपत्राअभावी तो छाननीतच बाद होईल, याबद्दल आम्हांस तिळमात्र शंका नाही. नियम हे नियम आहेत.

राहता राहिली जुनी लेथ. डेडस्टॉक रजिस्टरात तिच्या नावापुढे ‘निरुपयोगी’ असा शेरा आहे, आणि निर्लेखन समिती पाहणीस येते तेव्हा ती निर्लज्जपणे चालू असते. पेटी एकदाची उघडून नवे यंत्र पायावर बसविण्याची वेळ येते, तो त्याचे दोन बोल्ट प्रवासात गहाळ झालेले. कंपनीकडे मागणी नोंदविली असता तीन महिने लागतील असे उत्तर येते, तेव्हा फिटरची पोरे ते बोल्ट त्याच लेथवर दुपारपर्यंत कातून देतात. समितीही न्यायबुद्धीची. ती लगोलग इतिवृत्तात नमूद करते की, सदर लेथ निर्लेखनास पूर्णपणे पात्र आहे. तथापि नवीन यंत्राचे सुटे भाग तिच्यावरच तयार होत असल्यामुळे निर्लेखनाची कार्यवाही पुढील आदेशापर्यंत तहकूब ठेवावी.