बुडण्याची मुदत

मनुष्य किती काळ पाण्यात राहिला असता आपद्ग्रस्त म्हणवून घेण्यास पात्र होतो, याविषयी आमच्या सांगलीत पूर्वी नाना मते होती. परंतु ७ ऑगस्ट २०१९ रोजी, कृष्णामाई आयर्विन पुलावरील धोक्याची ४५ फुटांची खूण केव्हाच मागे टाकून पेठांतून हिंडू लागली असताना, सरकारने एका निर्णयान्वये हा वाद कायमचा निकालात काढला. दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात बुडालेल्या कुटुंबास दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत. म्हणजे ज्याच्या चुलीवरून एकेचाळीस तास मासोळ्या फिरल्या, त्याचे सरकारदप्तरी घर धुऊन निघाले, इतकेच. यावर मोठी ओरड झाली. पण सरकारच्या कल्पकतेला नसते श्रेय देण्याचे कारण नाही, कारण ही दोन दिवसांची मुदत आपत्ती निधीच्या निकषांत आधीपासूनच नांदत होती आणि कपड्यांचे १८०० व भांड्यांचे २००० रुपये तिच्याच आज्ञेत होते. अशा रकमेस 'सानुग्रह' म्हणण्याची चाल आहे. अनुग्रह करणारा भक्ताची परीक्षा पाहणारच.

आता आमच्या बाजूचेही थोडे सांगितले पाहिजे. नदीकाठी पाटबंधारे खाते दोन रेषा आखते: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. या रेषा कागदावर असतात आणि प्लॉट जमिनीवर असतात, त्यामुळे त्यांची गाठ सहसा पडत नाही. मी जागा घेतली तेव्हा विकणाऱ्या गृहस्थाने खिडकी उघडून 'येथून नदी दिसते' असे सांगितले, आणि भाव दोन गल्ल्या पलीकडच्यापेक्षा इतका कमी का, हे विचारण्याचा असभ्यपणा मी केला नाही. अशा घरांना यथाकाल नळ मिळतो, वीज मिळते, घरपट्टीची पावती मिळते. आणि हातात पावती असलेल्या मनुष्यास आपण नदीच्या पात्रात राहतो असे समजावून देणे ब्रह्मदेवालाही साधणार नाही. २००५ साली नदी येऊन गेली होती. २०१९ साली ती पुन्हा आली, आणि पंचवीस वर्षांचा हिशेब तिला कोणी वाचून न दाखवल्यामुळे २०२१ सालीही आली. तिन्ही वेळा आम्ही पाणी ओसरताच सरकारच्या नावाने बोटे मोडली, आणि ती मोडलेली बोटे पुढच्या निवडणुकीपर्यंत पूर्ववत बरी झाली.

शेजारचे आप्पा, निवृत्त शिक्षक, हे या सर्वांस अपवाद. २०१९ साली पुलाखालचे पाणी चाळीस फुटांच्या इशाऱ्यावर येताच त्यांनी धान्याचे डबे, शिवणयंत्र, पुस्तके, एवढेच काय पण दिवाणावरची गादीसुद्धा माळ्यावर चढवली आणि कुटुंबासह मिरजेस भगिनीकडे प्रस्थान ठेवले. मी मात्र 'येवढे येत नाही' असे म्हणत खुर्चीत बसून राहिलो आणि अंगावरच्या वस्त्रांनिशी होडीतून बाहेर पडलो. पुढे भिंतीवरची पाण्याची रेघ पंचनाम्यापूर्वी कोणी पुसू नये म्हणून आठवडाभर चिखलाची राखण करीत बसलेल्या आमच्या गल्लीत तलाठी आले. माझ्या नुकसानीस कागदाची दुसरी बाजू लागली. आप्पांच्या नावापुढे एकच शब्द पडला: निरंक.

आप्पा तक्रार घेऊन माझ्याकडे आले तेव्हा मी त्यांना २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा दाखवला. बाधित क्षेत्रातील समाजाच्या सोसण्याच्या शक्तीपलीकडचे जे संकट, ते त्या कायद्याच्या व्याख्येत आपत्ती ठरते. "तुम्ही सोसलेत," मी म्हणालो, "तेव्हा तुमच्यापुरता पूर आलाच नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढल्या खेपेस निदान गादी तरी खालीच ठेवण्याचे ठरवले.

सरकारने किती करावे आणि माणसाने किती करावे, याची चर्चा त्या दिवसांत कोरड्या गावांतून फार रंगली. 'सगळेच सरकारने का करायचे, लोकांनी स्वतःचे पाहावे,' असे ज्यांचे मत होते, त्यांना मी एवढेच कळवतो, की ब्रह्मनाळ गावच्या लोकांनी स्वतःचे पाहिले होते. गहू-तांदळाच्या त्या निर्णयाच्या दुसऱ्याच दिवशी, ८ ऑगस्टला, गावकऱ्यांना घेऊन निघालेली जी नाव तेथे उलटली, ती सरकारची नव्हती, गावचीच होती. बुडालेल्यांत बायका होत्या, मुले होती. त्यांना दोन दिवस लागले नाहीत.

परवा रात्री पाऊस लागून राहिला होता. अकराच्या सुमारास आप्पांनी भिंतीपलीकडून हाक दिली, "अहो, पुलाखाली किती झालं?"

"पस्तीस."

"मग अजून दहा आहेत की," असे म्हणून त्यांनी दिवा मालवला. मीही कूस बदलली.