ह्यात सायन्स हाय ओ!

लग्नात फॉरेनचा पाहुणा आला की त्याच्या खांद्याशी जे उगवतात, त्यांना तुम्ही ओळखताच. आमच्या सोलापुरात त्यांना अण्णा म्हणतात. ते ना मुलाकडचे, ना मुलीकडचे, ते पाहुण्याकडचे.

गेल्या मे महिन्यात नवऱ्यामुलाच्या कंपनीतला एक रुमानियाचा पाहुणा आला. मांडवात शिरताच त्याला फेटा बांधला गेला. त्यानं नुसता कपाळाला हात लावला, तर अण्णा हजर. "ह्यात सायन्स हाय ओ! डोक्यातली उष्णता बाहेर जात नाही." सोलापूरच्या उन्हाळ्यात ती आत कशाला ठेवायची, हे विचारायची सोय नव्हती. अंतरपाट? सायन्स. हळद? सायन्सच सायन्स. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळला तेव्हा पाहुणा धास्तावला. त्या कानात एक नस असते, ती दाबली की माणूस जन्मभर बायकोचं ऐकतो, असं अण्णांनी सांगून टाकलं. अण्णांच्या लग्नात ती नस बहुधा सापडली नसावी.

मग माइकवर आहेर पुकारले जाऊ लागले. अण्णा सरसावले, पण पाहुण्याचाच चेहरा उजळला. त्यांच्याकडंही म्हणे जुन्या वळणाच्या लग्नात कुणी किती दिलं ते भर सभेत ओरडून सांगतात. शिवाय रात्री नवरीला पळवून नेतात आणि नवऱ्यानं खंडणी भरल्याशिवाय सोडत नाहीत. खंडणी बऱ्याचदा दारूच्या बाटल्यांत. आपल्या करवल्या बुटांवर भागवतात! अण्णा गप्प झाले. त्यांना कुणी लग्न समजावून सांगावं, हे नवीनच होतं. पण घोट गिळून म्हणालेच, "ह्यात पण सायन्स हाय ओ!"

पौषात लग्नं नसतात, म्हणजे अण्णांना विश्रांती, असं कुणी समजू नये. पौषातलं सोलापूरचं लग्न सगळ्यांत मोठं. 12 व्या शतकातल्या शिवयोगी सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं, असं एका कुंभारकन्येनं मनात धरलं; त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायला संमती दिली, अशी आख्यायिका आहे. म्हणून भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी त्या योगदंडाचं प्रतीक असलेले सात नंदीध्वज येतात, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त जमतात आणि अक्षता पडतात. कामानिमित्त पुन्हा आलेल्या त्याच पाहुण्याला अण्णांनी तिथं नेलं. "नवरदेव कुठाय?" त्यानं विचारलं. अण्णांनी नंदीध्वजाकडं बोट दाखवलं. मी सायन्सची वाट बघत होतो. अण्णांनी पाहुण्याच्या मुठीत अक्षता दिल्या, हात जोडले आणि गर्दीबरोबर "हर्र बोला हर्र" म्हणून ओरडले. बस्स.

त्यांच्या स्वतःच्या मुलाचं लग्न न्यू जर्सीत झालं. खुर्चीवर नावाची चिठ्ठी होती, जेवण बेताचं होतं. कधी उठायचं, कधी बसायचं, टाळ्या कशाला वाजवायच्या, हे मात्र कुणी सांगितलं नाही. अण्णा शेजारच्याचं बघून उठत होते, बसत होते. हे काकूंनी सांगितलं. अण्णा त्या लग्नाबद्दल बोलत नाहीत.

भोगीला सोलापुरात आलात तर त्यांना गाठा. पत्रिका लागत नाही. वेळ मात्र भरपूर काढून या, आणि त्यांच्या सायन्सला हो म्हणा.